निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवरचे ॲडव्हेंचर गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. दर वेळी घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली. ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही, अशा साठीच्या पुढच्या माणसांसाठी हे आहे.

ॲडव्हेंचर गेम म्हणजे काय? त्यात मारामारी असते का?

बहुतेकांत नसते. एक गोष्ट असते आणि तिच्यातलं मुख्य पात्र तुम्ही चालवता. त्याला इकडून तिकडे न्यायचं, खोलीत काय काय आहे ते बघायचं, भेटणाऱ्या माणसांशी बोलायचं, वस्तू उचलून जवळ ठेवायच्या आणि योग्य जागी वापरायच्या. दार बंद असेल तर किल्ली कुणाकडे आहे आणि तो ती कशाच्या बदल्यात देईल, याचा छडा लावायचा. कोडं सुटलं की गोष्ट पुढे सरकते.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेपासून झाली. विल क्राउथर हा प्रोग्रॅमर सुट्टीत गुहा धुंडाळायचा, त्यांचे नकाशे काढायचा. १९७६ च्या सुमारास त्याने आपल्या लहान मुलींसाठी त्या गुहेवर एक गेम लिहिला. चित्र एकही नाही, फक्त मजकूर. 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असं टाइप करायचं. १९७७ मध्ये डॉन वूड्सने त्यात भर घातली आणि तो विद्यापीठाविद्यापीठांतून पसरला. त्याचंच नाव 'ॲडव्हेंचर', आणि पुढे सगळ्या प्रकारालाच ते चिकटलं. १९८० मध्ये रॉबर्टा विल्यम्स आणि त्यांचे पती केन यांनी 'मिस्टरी हाऊस'मध्ये रेखाचित्रं आणली. १९८७ च्या 'मेनियॅक मॅन्शन'पासून टाइप करण्याची गरजही उरली नाही, पडद्यावरच्या शब्दांवर आणि वस्तूंवर क्लिक केलं की भागू लागलं. आज आपण खेळतो ते मुख्यतः या क्लिकच्या घराण्यातले गेम.

खरेदी करताना एक गोष्ट नीट वाचा. 'ॲक्शन-ॲडव्हेंचर' असं लिहिलेलं असेल तर तो प्रकार वेगळा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) मला अभिमान वाटावा इतका देखणा आहे, त्यातले महाल आणि कोरीव काम बघत बसावं असं आहे. पण त्यात उड्या आहेत, लढाया आहेत, बोटं चपळ लागतात. पहिला गेम म्हणून तो नको.

माझं वय सत्तर. मला जमेल?

माऊस धरता येतो आणि वर्तमानपत्र वाचता येतं ना? मग जमेल. या गेममध्ये घड्याळ लावलेलं नसतं. मध्येच उठून कुकर लावून या, पात्र आहे तिथेच उभं राहतं.

उदाहरण सांगते. 'ब्रोकन सोर्ड' (१९९६) हा यॉर्कच्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरचा गेम. पॅरिस शहर, शरद ऋतू. जॉर्ज स्टोबार्ट नावाचा अमेरिकन पर्यटक कॅफेबाहेर बसलाय. विदूषकाच्या वेशातला एक माणूस आत जातो, बाहेर येतो आणि कॅफेत स्फोट होतो. इथून पुढे जॉर्ज म्हणजे तुम्ही. बाजूच्या गल्लीत मॅनहोलचं झाकण आहे, ते हातांनी उघडत नाही. रस्त्यावर एक कामगार खड्डा खणतोय, त्याच्याकडे अवजारांची पेटी आहे. तो जागचा हलत नाही, पण दोन शब्द बोललात तर कळतं की त्याला घोड्यांच्या शर्यतीत रस आहे. वर्तमानपत्र त्याच्या हातात दिलं की तो त्यात गुंगतो आणि अवजार उचलायची संधी मिळते. खाली गटारात उतरलात की लाल रबरी नाक सापडतं.

यात चपळाई कुठे लागली? समोरच्या माणसाला काय हवंय हे ओळखणं लागलं. तीस-पस्तीस वर्षं ऑफिसात, शाळेत, दुकानात किंवा घरात माणसं सांभाळलेल्यांना ते आपसूक येतं. वीस वर्षांची मुलं संवाद न वाचता पुढे पळतात आणि तिथेच अडकतात, हे मी घरी पाहिलंय.

पहिला गेम कोणता घेऊ?

तुम्हाला वाचायला काय आवडतं, त्यावर ठरवा.

रहस्यकथांची आवड असेल तर वर सांगितलेला 'ब्रोकन सोर्ड'. २०२४ मध्ये त्याची नवीन चित्रांसह 'रीफोर्ज्ड' आवृत्ती आली, ती मोठ्या पडद्यावर छान दिसते.

शांतता हवी असेल तर 'मिस्ट' (१९९३). रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी केलेला. एक निर्मनुष्य बेट, ग्रंथालय, घड्याळाचा मनोरा, पाण्यात बुडालेलं जहाज. काय करायचं ते कुणी सांगत नाही. तुमच्यावर कुणी हल्ला करत नाही. लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज ऐकत तुम्ही एकेक कळ दाबून बघता, आणि हळूहळू दोन भावांची आणि त्यांच्या वडिलांची गोष्ट उलगडते. जवळजवळ दहा वर्षं हा जगातला सर्वाधिक खपाचा पीसी गेम होता. कठीण आहे, पण माझा सर्वांत लाडका.

'सायबेरिया' (२००२) बेल्जियन चित्रकथाकार बन्वा सोकाल यांचा. न्यूयॉर्कची तरुण वकील केट वॉकर आल्प्समधल्या एका गावात कळसूत्री बाहुल्यांचा कारखाना विकत घेण्याची कागदपत्रं पूर्ण करायला येते. मालकीणबाईंची अंत्ययात्रा नुकतीच निघालेली. वारस हयात आहे असं कळतं आणि केट त्याच्या शोधात किल्लीवर चालणाऱ्या आगगाडीने पूर्वेकडे निघते. त्या प्रवासात तिच्या फोनवर न्यूयॉर्कहून बॉसचे, आईचे, होणाऱ्या नवऱ्याचे फोन येत राहतात, आणि तिला ती नोकरी, तो संसार दूरचा वाटू लागतो. नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षी हा गेम खेळणाऱ्याला तो आत कुठेतरी लागतो. कोडी फार अवघड नाहीत.

हसायचं असेल तर 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०). समुद्री चाचा होऊ पाहणारा एक भोळा मुलगा. यातल्या द्वंद्वयुद्धात तलवारीचं कौशल्य चालत नाही, समोरच्याच्या टोमण्याला अचूक उलट टोमणा मारावा लागतो.

'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' (२०१८) दुसरा-तिसरा गेम म्हणून ठेवा. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं रिकामं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं, आणि विमा निरीक्षक म्हणून तुम्हाला साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं ते शोधायचंय. खलाशांत हिंदुस्थानी माणसंही आहेत. कुणाची बोली, कुणाचा पोशाख, कोण कुणाशेजारी झोपतो, यावरून तर्क करायचा. तर्काचा इतका कस लावणारा दुसरा गेम मला माहीत नाही. मृत्यूची दृश्यं मात्र भीषण आहेत, मन हळवं असेल तर टाळा.

इंग्रजी फारसं येत नाही. मराठीत गेम आहेत का?

या प्रकारातले नावाजलेले गेम इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांत असतात. पण भाषाच लागत नाही असेही आहेत, आणि त्यांतला सर्वोत्तम म्हणजे 'मशिनॅरियम' (२००९). झेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा. गंजलेल्या यंत्रनगरीतला एक छोटा रोबो, नाव जोसेफ. सगळी पात्रं बोलतात ती डोक्यावरच्या फुग्यातल्या चित्रांतून. हाताने काढलेली चित्रं इतकी सुंदर आहेत की प्रत्येक पडद्यावर थांबावंसं वाटतं.

इतर गेमसाठी उपाय सोपा आहे. सबटायटल नेहमी चालू ठेवा. पडद्यावर लांबलचक पत्र आलं तर मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरून गुगल ट्रान्सलेटने मराठीत वाचा. भाषांतर ओबडधोबड असतं, मतलब कळतो. मात्र इंग्रजी शब्दांच्या खेळावर उभी असलेली कोडी असतात. 'मंकी आयलंड २'मध्ये एक कोडं पाना या अवजाराच्या इंग्रजी नावावर बेतलेलं आहे. अशा जागी डोकं शिणवू नका, सरळ उत्तर बघा.

अडकलो तर? उत्तर बघणं म्हणजे फसवणूक नाही का?

नाही. पण बघण्याची एक रीत आहे, ती पाळली तर आनंद टिकतो.

आधी गेम बंद करा. खरोखर बंद. फिरायला जा, भाजी निवडा, झोपा. उत्तरं अशाच वेळी सुचतात. परत आल्यावर तीन गोष्टी करून बघा : सगळ्या जागांवरून एकदा फिरा, सगळ्या माणसांशी पुन्हा बोला (मधे काही घडलं असेल तर ती नवीन काही सांगतात), आणि जवळच्या वस्तू एकमेकींवर वापरून बघा. बरेच गेम स्पेसबार किंवा टॅब दाबल्यावर क्लिक करण्याजोग्या जागा दाखवतात. त्या नजरेतून सुटल्या असतील तर तो डोळ्यांचा प्रश्न झाला, बुद्धीचा नाही, तेव्हा हे बटण खुशाल वापरा.

तरीही नाही सुटलं तर संकेत घ्या, अख्खं उत्तर नको. संकेत पायरीपायरीने देण्याची पद्धत जुनी आहे. १९८० च्या दशकात इन्फोकॉम कंपनी आपल्या गेमसाठी अदृश्य शाईत छापलेल्या पुस्तिका विकायची. सोबतचं पेन एका ओळीवर फिरवलं की तेवढाच संकेत उमटायचा. आज युनिव्हर्सल हिंट सिस्टीम, म्हणजे यूएचएस, हेच करते : प्रश्न निवडायचा आणि एकेक संकेत उघडत जायचा, कळलं की थांबायचं. 'मशिनॅरियम'मध्ये तर संकेत गेममध्येच आहेत. 'वॉकथ्रू' म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंतची लिखित उत्तरं. यूट्यूबवरचे व्हिडिओ मी सर्वांत शेवटी ठेवते, कारण हवं ते बघताना पुढच्या चार गोष्टींचं रहस्यही कानावर पडतं.

आणि काही कोडी मुळातच अन्यायकारक असतात. 'ब्रोकन सोर्ड'मध्ये आयर्लंडला गेलात की एक बोकड भेटेल. सगळा गेम निवांत, आणि इथे मात्र बोकडाने पाडल्यावर तो मागे वळतोय तेवढ्यात चटकन क्लिक करावं लागतं, हे कुठेही सुचवलेलं नाही. जगभरचे लोक या बोकडापाशी अडकले आहेत. तिथे उत्तर बघा आणि पुढे चला.

वही-पेन खरंच लागतं का?

लागतं. 'मिस्ट'च्या मूळ खोक्यात कोरी वहीच दिलेली असायची. चिन्हं, आकडे, कुठल्या दारामागे काय, कोण काय म्हणालं, सगळं लिहा. नकाशा काढा, उत्तर दिशा वर. आडवी दोनशे पानी वही घ्या, चौकटीची असेल तर उत्तम. आमच्याकडे माऊस माझ्या हातात आणि वही ह्यांच्या हातात असते. ह्यांनी बेटाचा काढलेला नकाशा इतका नेटका आहे की त्यात एक खोली जागेत बसेना, आणि त्यावरूनच आम्हाला गुप्त वाट असणार हे कळलं. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवणंही चालतं, पण हाताने काढलेलं जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे.

डोळे, कान, हात साथ देत नाहीत. काय करू?

डोळ्यांसाठी : विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की भिंग उघडतं, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद होतं. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलात तर दोघांना एकत्र बघता येतं.

कानांसाठी : सबटायटल. पण 'मिस्ट'मध्ये पियानोचे सूर ऐकून तसेच सूर जुळवायचं एक कोडं आहे, आणि आवाजावरून दिशा ओळखायचा एक भुयारी मार्ग. कमी ऐकू येत असेल तर तिथे संकोच न करता मदत घ्या.

हातांसाठी : माऊसचा वेग सेटिंगमध्ये कमी करा. सांधे दुखत असतील तर ट्रॅकबॉल, म्हणजे वर गोळा बसवलेला माऊस बघा, त्यात मनगट हलत नाही. टॅब्लेट त्याहून सोपा. 'मशिनॅरियम', 'ब्रोकन सोर्ड', 'मिस्ट' टॅब्लेटवर मिळतात. 'द रूम' (२०१२) तर बोटांनी खेळण्यासाठीच केलेला आहे : नक्षीदार पेटी, तिच्यात खण, खणात किल्ली, आणि आत आणखी एक पेटी.

चक्कर : त्रिमितीय गेममध्ये दृश्य सरसर फिरतं आणि काहींना मळमळतं. तसं झालं तर लगेच थांबा, रेटू नका. जुन्या पद्धतीने क्लिक केल्यावर चित्र बदलणारे गेम निवडा. 'रिअलमिस्ट' हा 'मिस्ट'चाच त्रिमितीय अवतार, त्याच्या मास्टरपीस आवृत्तीत तशी सोय दिलेली आहे.

याने स्मरणशक्ती सुधारते का? विसरभोळेपणा टळतो का?

असं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 'ल्युमॉसिटी' या मेंदूच्या व्यायामाच्या ॲपने असे दावे केले, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते दिशाभूल करणारे ठरवले आणि २०१६ मध्ये कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. २०१७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना ५५ ते ७५ वयाच्या माणसांत, सहा महिने त्रिमितीय 'सुपर मारिओ ६४' खेळल्यानंतर, मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागात वाढ दिसली. पण तो प्रयोग लहान होता आणि तो गेमही वेगळ्या जातीचा. विसरण्याचा त्रास खरोखर होत असेल तर डॉक्टरांकडे जा. गेम खेळायचा तो गोष्टीसाठी.

जुना कॉम्प्युटर चालेल का?

बहुतेकदा चालतो. नव्वदच्या दशकातले गेम स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅमवर उत्तम चालतात. तो २००१ पासून स्वयंसेवक सांभाळत आहेत. दोन अडचणी माहीत असू द्या : स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही, आणि ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून '३२ बिट' पद्धतीचे जुने गेम उघडत नाहीत. कोणता कॉम्प्युटर लागेल ते दुकानातल्या गेमच्या पानावर तळाशी लिहिलेलं असतं, घ्यायच्या आधी ते मुलाला किंवा शेजारच्या कॉलेजकुमाराला वाचायला सांगा.

खर्च किती? पैसे बुडणार नाहीत ना?

सुरुवात फुकटात करा. 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) आणि 'फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन' (१९९५) हे गेम त्यांच्या मालकांनीच मोफत करून टाकलेत. स्कमव्हीएमच्या आणि जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाच्या साइटवर मिळतात. बाकीचे जुने गेम सवलतीच्या काळात घ्या, तेव्हा ते खूप स्वस्त असतात. स्टीमवर यूपीआय चालतं. खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत करतं, जीओजी ३० दिवसांपर्यंत.

एकदा पैसे भरले की संपलं. गेममध्ये पुढे जायला पुन्हा पैसे मागणारे, जाहिराती दाखवणारे मोबाइल गेम हा निराळा धंदा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीसारख्या गेमशी तर याचा काडीचा संबंध नाही. त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. घरच्यांना काळजी वाटत असेल तर हा फरक त्यांना समजावून सांगा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या 'फ्री डाउनलोड'च्या लिंकवर क्लिक करू नका. गेमसाठी कुणी ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागितला तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

घरचे म्हणतात, या वयात हे काय खूळ.

त्यांना शेजारी बसवा. एका कोड्यापाशी थांबा आणि 'तुला काय वाटतं?' एवढंच विचारा. हे गेम एकट्यापेक्षा दोघा-तिघांत जास्त रंगतात, कारण एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. मुलं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवून एकत्र खेळता येतं. आपली रात्र आणि अमेरिकेतली सकाळ, रविवारी हे सहज जमतं. 'जेवलास का, थंडी आहे का' यानंतर फोनवर बोलायला काही उरत नाही, तिथे 'आजी, त्या मनोऱ्याच्या आकड्यांचं काय झालं?' असा प्रश्न येतो. नातवंडांना एकच नियम घाला : उत्तर माहीत असलं तरी सांगायचं नाही, आजीच्या हातातला माऊस ओढायचा नाही.

वेळेचं म्हणाल तर मी तासाभराने उठते. कोडं सुटल्यावर उठणं अवघड, कारण पुढचं दृश्य खुणावतं. म्हणून मी अडकल्यावर उठते.

महिनाभर खेळलो नाही तर सगळं विसरायला होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं?

नाही. प्रत्येक वेळी उठताना गेम सेव्ह करा आणि वहीत तारीख टाकून दोन ओळी लिहा : कुठे आहोत, जवळ काय आहे, काय करायचं राहिलंय. शक्यतो दर वेळी नव्या नावाने सेव्ह करा, जुनं पुसू नका. 'किंग्ज क्वेस्ट'सारख्या ऐंशीच्या दशकातल्या गेममध्ये पात्र पावलोपावली मरतं, आणि एखादी वस्तू मागे राहून गेली तर पुढे वाटच बंद होते. तिथे चार-पाच जागा मागचं सेव्ह हाताशी असलं की निम्म्यातून परत सुरू करता येतं.